वर्तमानपत्रं क्रांती घडवतात का? सोलापूरच्या मे १९३० पासून एक उत्तर

प्रश्न असा आहे. सोलापूरच्या मार्शल लॉवर (लष्करी अंमलावर) प्रकल्प करणाऱ्या पदवीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "वर्तमानपत्रांनी लोकांना पेटवलं, असं प्रत्येक पुस्तकात असतं. पण १९३० साली गिरणी कामगारांपैकी वाचता येणारे किती होते? मग हा परिणाम नेमका होतो कसा, तो मोजायचा कसा, आणि आज शहरात गडबड झाली तर बातमीदाराने काय करावं?"

प्रश्न चांगला आहे, कारण पुस्तकातली दुखरी जागा त्याने बरोबर पकडली आहे. आधी थेट उत्तर देतो. राग वर्तमानपत्रातून येत नाही. तो पगाराच्या पाकिटात, सावकाराच्या वहीत, पोलिसाच्या काठीत आधीपासून साठलेला असतो. पण प्रत्येकाचा राग आपापल्या घरात असतो. वर्तमानपत्र काय करतं, तर त्या रागाला तारीख, वेळ आणि ठिकाण देतं. "अमक्याला काल रात्री पकडलं, मुंबई बंद आहे" एवढ्या दोन ओळींनी हजारो माणसांना एकाच सकाळी कळतं की आपल्याला कळलंय आणि शेजारच्यालाही कळलंय. हे "शेजारच्यालाही कळलंय" फार महत्त्वाचं. एकटा माणूस संपावर जात नाही. बाकीचेही आज जाणार आहेत अशी खात्री झाली की जातो.

म्हणून माझं मत असं की उठावाच्या दृष्टीने अग्रलेखापेक्षा साधी बातमी जास्त काम करते. संपादक तुरुंगात जातो तो अग्रलेखासाठी, पण रस्ता भरतो तो बातमीने. हे पटत नसेल तर टिळकांच्या १९०८ च्या खटल्याच्या तारखा समोर ठेवून पाहा.

'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख 'केसरी'त १२ मे १९०८ रोजी आला. 'हे उपाय टिकाऊ नाहीत' आला ९ जूनला. दोन्ही दिवस मंगळवार. या दोन लेखांवरून राजद्रोहाचा खटला भरला गेला. लेख छापून आल्यावर मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या का? नाही. २४ जूनला टिळकांना अटक झाली. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला, ज्यूरीचा कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. आणि त्यानंतर मात्र गिरणी कामगारांचा सहा दिवसांचा संप झाला. सहा वर्षांसाठी सहा दिवस, हा हिशेब कामगारांच्या तोंडी होता. ज्या कामगाराने अग्रलेख कधी वाचला नव्हता, त्याने 'सहा वर्षं' हा आकडा मात्र ऐकला होता. अग्रलेखाने सत्तावीस वर्षं टिळकांचं नाव घराघरात नेलं, ही जमीन नांगरली हे खरंच. पण पेरणीचा दिवस ठरवला तो निकालाच्या बातमीने.

आता सोलापूर. इथे तारखा अजून जवळजवळ आहेत, त्यामुळे साखळी स्पष्ट दिसते.

२७ एप्रिल १९३० ला व्हाइसरॉयने प्रेस वटहुकूम काढला. ४ मेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे ५ मेच्या पहाटे, दांडीजवळच्या कराडी इथे गांधीजींना अटक झाली. बातमी आली तशी सोलापुरात खळबळ उडाली, ७ मेपासून गिरण्यांमध्ये संप झाला. ८ मेला, गुरुवारी, रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्याच्या सत्याग्रहावरून पोलीस आणि जमाव समोरासमोर आले, गोळीबार झाला, शंकर शिवदारे मारले गेले. पुढे जमावाच्या हातून मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीतले पोलीस ठार झाले, कोर्टाची इमारत जळाली. ९, १० आणि ११ मे हे तीन दिवस इंग्रज अंमल शहरातून जवळपास उठला. १२ मेला, सोमवारी, मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत.

यात वर्तमानपत्र कुठे आहे? पहिली कडी म्हणजे अटकेची बातमी. तीत मत काहीच नाही, नुसती घटना. पण ती तारेने आली, छापली गेली, फळ्यावर लिहिली गेली, वाचून दाखवली गेली. त्या वेळी साऱ्या हिंदुस्थानात शंभरात दहा जणांनाही वाचता येत नव्हतं. तरी बातमी पसरली, कारण पेपर विकत घेणारा एक, वाचणारा एक आणि ऐकणारे वीस असा तो व्यवहार होता. तालमीच्या ओट्यावर, हॉटेलात, चाळीच्या जिन्यात, गिरणीच्या पाळी सुटण्याच्या वेळी. म्हणून जुन्या पत्राचा नुसता खप पाहून परिणाम ठरवू नका. एका प्रतीमागे किती कान होते हा खरा प्रश्न आहे.

आणि सोलापुरात एक गोष्ट वेगळी, जी पुण्यामुंबईचे अभ्यासक सहज विसरतात. इथे एका बोळात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. मराठी पेपरातली बातमी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराच्या घरात पोहोचायची तर मध्ये भाषांतराचा एक थांबा लागतो. त्या थांब्यावर बातमी बदलते. 'अटक' हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी 'पकडून नेलं' होतो, 'पकडून नेलं' चं पुढच्या घरात 'मारलं' होतं. छापलेल्या ओळीचा दोष नसतो. पण छापलेली ओळ जितकी आखूड आणि ठोस, तितकी ती या थांब्यावर कमी बिघडते. नाव, ठिकाण, वेळ, "जिवंत आहे, येरवड्याला नेलं आहे". असं वाक्य तीन भाषांतून गेलं तरी तेच राहतं. अलंकारिक वाक्य पहिल्याच थांब्यावर फुटतं. बहुभाषिक शहरात पेपर काढणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

सोलापुरातल्या पत्रांची नावंही या इतिहासात आहेतच. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना मार्शल लॉच्या काळात तुरुंगाची शिक्षा झाली. कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. प्रकल्पात एक काळजी घ्या: कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली. 'लिहिल्याबद्दल फाशी' असं वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण अभ्यासात ते चुकीचं. लेखणीमुळे ते सरकारच्या डोळ्यांवर आले होते का, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

त्या तीन दिवसांना दोन नावं मिळाली हेही बघा. सरकारच्या भाषेत ते अराजक होतं, झुंडीचं राज्य. राष्ट्रीय चळवळीच्या भाषेत ते सोलापूरचं स्वातंत्र्य होतं, स्वयंसेवकांनी सांभाळलेलं शहर. घटना एकच. पण कोणतं नाव टिकतं यावर पुढची पन्नास वर्षं त्या गावाची ओळख ठरते. 'दंगल', 'उठाव', 'आंदोलन', 'हिंसाचार' हे शब्द कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, टाकणारा उपसंपादक बहुधा रात्री अकराला, घाईत, सवयीने टाकतो. वर्तमानपत्राची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी ताकद ही.

आता बंदीचा भाग, कारण त्याशिवाय हे उत्तर अर्धं राहील. प्रेस कायदे संपादकाला घाबरवण्यासाठी असतात असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते छापखानावाल्याला घाबरवतात. १९१० च्या प्रेस ॲक्टची रचना बघा. नवा छापखाना काढायचा तर मॅजिस्ट्रेटपुढे जाहीरनामा द्यायचा आणि ५०० ते २००० रुपये अनामत भरायची, तिला त्या वेळी 'जामीन' म्हणत. आक्षेपार्ह मजकूर छापला असं सरकारला वाटलं की अनामत जप्त. पुन्हा सुरू करायचं तर १००० ते १०,००० रुपये. दुसऱ्यांदा चूक ठरली की अनामतीबरोबर छापखानाही जप्त. शिवरामपंत परांजप्यांचं 'काळ' या जामिनाच्या ओझ्याखालीच बंद पडलं. हा कायदा १९२२ साली रद्द झाला, आणि १९३० च्या वटहुकुमाने त्यातल्या तरतुदी पुन्हा अंगावर आल्या.

जिल्ह्याच्या गावातला छापखाना डोळ्यांसमोर आणा. एक ट्रेडल मशीन, खिळे जुळवणारे दोन-तीन जुळारी, खिळ्यांच्या केसा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकाची हँडबिलं आणि आठवड्यातून एकदा साप्ताहिक. साप्ताहिकातून त्याला मिळतं थोडं, आणि त्याच्यापायी अख्खं मशीन जायची भीती. मग तो संपादकाला म्हणतो, "हा परिच्छेद काढा, नाहीतर दुसरीकडे छापा." सरकारला एकही ओळ खोडावी लागत नाही. शहर पेटायच्या आधी अकरा दिवस हा वटहुकूम आला होता, हे तुमच्या प्रकल्पात ठळक लिहा. म्हणजे ज्या आठवड्यात लोकांना खात्रीच्या बातमीची सगळ्यात जास्त गरज होती, त्या आठवड्यात छापणाऱ्यांचे हात बांधलेले होते. गांधीजींनी जामीन भरू नका असा सल्ला दिला. नवजीवन छापखाना जप्त झाल्यावर 'यंग इंडिया' सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या साध्या यंत्रावर, निघू लागलं. सायक्लोस्टाइलच्या एका स्टेन्सिलवर मोजक्याच प्रती चांगल्या निघतात, पुढे अक्षर फिकट होत जातं. पण ती प्रत हातोहात जाते आणि तिच्यावर कोणाच्या छापखान्याचं नाव नसतं.

याच महिन्यातली दुसरी घटना सोलापूरशेजारी ठेवून पाहिली की बातमीदाराचं काम लख्ख दिसतं. २१ मे १९३० ला गुजरातेतल्या धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या रांगा लाठ्या खात पुढे गेल्या. तिथे युनायटेड प्रेसचा अमेरिकन बातमीदार वेब मिलर हजर होता. त्याने काय केलं? तो तात्पुरत्या दवाखान्यात गेला आणि जखमी स्वतः मोजले. ३२० जखमी, दोन मृत. तार पाठवली तर तारखात्यात अडवली गेली. त्याने सेन्सॉरशिपचीच बातमी करीन असं बजावल्यावर ती सुटली. ती बातमी जगभरच्या शेकडो पत्रांत छापली गेली आणि अमेरिकेच्या सिनेटच्या कामकाजातही नोंदली गेली. त्या बातमीत शिव्या नाहीत, घोषणा नाहीत. रांग पुढे गेली, कोणी हात उगारला नाही, डोकी फुटल्याचा आवाज आला, इतके पडले. तो ३२० हा आकडा साम्राज्याला कोणत्याही अग्रलेखापेक्षा जास्त झोंबला, कारण तो खोडता येईना.

त्याच दिवशी सोलापूर मार्शल लॉखाली होतं. तिरंगा हातात धरला तरी शिक्षा, गांधी टोपी घातली तरी त्रास. इथून जगाला जे गेलं ते मुख्यतः सरकारी निवेदनातून गेलं. धारासणा जगाच्या आठवणीत राहिलं आणि सोलापूर महाराष्ट्राबाहेर फार कोणाला माहीत नाही, यामागे इतर कारणं असतील, पण आत उभा राहून मोजणारा स्वतंत्र माणूस नव्हता हे एक मोठं कारण. पंजाबात १९१९ साली हेच घडलं होतं. बातम्या अडवल्या, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना एप्रिलमध्येच विलायतेला रवाना केलं, आणि जालियनवाला बागेचं खरं रूप देशासमोर यायला कित्येक आठवडे गेले.

बंदी उलटते कधी, याची दोन उदाहरणं बाहेरची देतो. दोन्हीत तारखांची साखळी पुन्हा दिसेल.

पॅरिस, जुलै १८३०. २६ जुलैला राजाचे फर्मान सरकारी पत्रात छापून आले, त्यात वृत्तपत्रस्वातंत्र्य स्थगित. त्याच दिवशी 'ल नॅशनाल'च्या कचेरीत पत्रकारांनी निषेधाचं पत्रक काढलं, त्यावर ४४ सह्या. दुसऱ्या दिवशी पोलीस छापखाने मोडायला आले. आणि इथे एक साधी गोष्ट घडली: छापखाने बंद म्हणून जुळारी आणि छापणारे बेकार होऊन रस्त्यावर आले. ते शहरातले सगळ्यात वाचते कामगार. तीन दिवसांत पॅरिस राजाच्या हातून गेलं. छापखाना बंद करणं म्हणजे मजकूर बंद करणं एवढंच नसतं, एका दिवसात काहीशे शिकलेले, रागावलेले आणि मोकळे हात रस्त्यावर सोडणंही असतं.

इराण, १९७८. इथे तर सरकारनेच काडी टाकली. ७ जानेवारीला 'इत्तेलाआत' या दैनिकात टोपणनावाने धर्मगुरू खोमेनींची निंदा करणारा लेख छापून आणला गेला. दोन दिवसांत कोम शहरात विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला. मग शियांच्या रिवाजाप्रमाणे मृतांचा चाळीसावा दिवस आला, १८ फेब्रुवारीला तबरीझ पेटलं, पुन्हा मृत्यू, पुन्हा चाळीस दिवस. लेख एकदाच छापला गेला, पण दर चाळीस दिवसांनी त्याचा पुढचा अंक रस्त्यावर निघत राहिला. नोव्हेंबरपासून पत्रकारांनी दोन महिने संप केला. १६ जानेवारी १९७९ ला पानभर अक्षरात मथळा आला: 'शाह रफ्त', म्हणजे शाह गेला. दोनच शब्द, आणि तेही नुसती बातमी.

वर्तमानपत्राचं एक काम मात्र बातमीहून वेगळं आहे आणि ते हळू चालतं: संघटना बांधणं. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती १८८० मध्ये 'दीनबंधु' आलं, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी राहिली, १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. बाबासाहेबांचं 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० चं, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ चं. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. रशियात 'इस्क्रा' १९०० च्या डिसेंबरात लाइपझिगला छापायला लागलं. लेनिनचं म्हणणं असं की पत्र हे बांधकामाभोवतीच्या परांचीसारखं असतं. अंक चोरून नेणारे, वाटणारे, मजकूर पाठवणारे, वर्गणी गोळा करणारे हेच उद्याचे कार्यकर्ते. म्हणून एखाद्या चळवळीच्या पत्राचा अभ्यास करताना मजकुरापेक्षा वर्गणीदारांची यादी आणि पोचपावत्यांचं पान आधी वाचा. 'अमुक गावाहून सव्वा रुपया पोहोचला' ही ओळ सांगते की त्या गावात कोणीतरी आहे.

हीच यंत्रणा माणसं मारायलाही तशीच चालते, हे लपवून चालणार नाही. रुआंडात 'कांगुरा' नियतकालिकाने आणि आरटीएलएम रेडिओने एका समाजाला झुरळं म्हटलं, आणि १९९४ मध्ये रेडिओवरून माणसांची नावं आणि ठिकाणं सांगितली गेली. तारीख, वेळ, ठिकाण, नाव. वर मी जी बातमीची ताकद सांगितली तीच. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने डिसेंबर २००३ मध्ये यातल्या तिघांना दोषी ठरवलं.

म्हणून तिसरा प्रश्न, आज डेस्कवर काय करायचं, हा मला सगळ्यात जवळचा वाटतो.

आकड्यांपासून सुरू करा. जखमी आणि मृतांचा आकडा तीन ठिकाणांहून येतो: घटनास्थळ, पोलीस नियंत्रण कक्ष, सिव्हिल. मृतांचा आकडा फक्त रुग्णालयाच्या नोंदीवरून द्या, घटनास्थळावरच्या कोणाच्याही सांगण्यावरून नाही. जखमींमध्ये 'दाखल' आणि 'मलमपट्टी करून सोडलेले' वेगळे लिहा. सगळ्यात नेहमीची चूक दुहेरी मोजणीची: बार्शी किंवा मंगळवेढ्याहून सोलापूरला पाठवलेला जखमी दोन्हीकडच्या यादीत असतो, आणि दोन बातमीदार आपापला आकडा पाठवतात. नावं आणि वयं जुळवून पाहिली की पाच मिनिटांत उलगडा होतो. पोलिसांचा आकडा आणि रुग्णालयाचा आकडा वेगळा आला तर दोन्ही द्या, कोणाचा कोणता ते सांगून. सरासरी काढणं किंवा मोठा उचलणं ही दोन्ही फसवणूकच.

वेळ लिहा. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती संध्याकाळी लवकर सुटते, शहर आवृत्ती मध्यरात्रीनंतर. अक्कलकोटच्या वाचकाला मिळालेला आकडा आणि सोलापुरातला आकडा यात सहा-सात तासांचं अंतर पडतं. 'रात्री ८ वाजेपर्यंत' असे तीन शब्द नसतील तर सकाळी दोन अंक शेजारी ठेवून कोणीतरी म्हणतं की पेपरवाल्यांनी आकडा दाबला. आणि मोबाइलवर फिरणारं कात्रण बहुधा डाक आवृत्तीचं असतं.

मथळा. नमुना म्हणून एक घेऊ. कॉपी आली: 'विजापूर वेशीत तुफान दगडफेक, शहर पेटले, तणावपूर्ण शांतता.' यातलं काय खरं आहे ते विचारा. दगडफेक किती वाजता? सायंकाळी सहाला, वीस मिनिटं. कुठे? वेशीच्या एका बाजूला. जखमी? तीन, दोघे घरी गेले. आत्ता? नऊपासून वाहतूक चालू. मग मथळा होतो: 'विजापूर वेशीजवळ सायंकाळी दगडफेक, तीन जखमी, रात्री नऊनंतर वाहतूक सुरळीत.' शेवटचे चार शब्द सजावट नाहीत. सकाळी सात वाजता शाळेत पोर पाठवायचं की नाही हे ठरवणारी आई तेवढ्यासाठीच पेपर उघडते. 'तणावपूर्ण शांतता' हा शब्दप्रयोग तर कायमचा काढून टाकावा. तो काहीच सांगत नाही आणि भीती मात्र सगळी पोहोचवतो.

'एका विशिष्ट समाजाच्या जमावाने' हेही तसंच. नाव न घेण्याचा संकेत चांगल्या हेतूने आला, पण पेठेचं नाव आणि 'विशिष्ट' हा शब्द शेजारी आले की वाचक समाज स्वतः भरतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा भरतो. 'जमावाने' एवढं पुरतं. अफवेचं खंडन करताना अफवा मथळ्यात घेऊ नका. 'अमुक ठिकाणी खून झाल्याची अफवा' असं छापलं की चौकात 'खून झाल्याची' एवढंच वाचलं जातं, बाकीचं पुढच्या माणसाच्या खांद्याआड जातं. ज्याच्या मृत्यूची अफवा आहे तो जिवंत आहे, कुठे आहे, त्याला कोणी पाहिलं, हे मथळ्यात आणा. फोटो आला की तो कोणी, कधी, कुठून काढला याची तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत पान सोडू नका. मागच्या वर्षीचा फोटो आजच्या गडबडीत चिकटवलेला असतो, आणि दुकानाची पाटी किंवा लोकांचे स्वेटर पाहून तो उघडा पडतो.

उद्याच्या बंदची बातमी देताना कोणी पुकारला, किती ते किती, काय वगळलंय आणि पाठिंबा कोणाचा हे नसेल तर ती बातमीच नाही, ती बंदची जाहिरात आहे.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. समाजांत तेढ वाढवण्याचं कलम १९६, अफवेसाठी ३५३, आणि जुन्या राजद्रोहाच्या जागी वेगळ्या शब्दांत आलेलं १५२. इंटरनेट बंद झालं तर आदेशाची प्रत मागा: क्रमांक, तारीख, हद्द, किती वाजेपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केलंय की असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. नेट बंद असताना बातमीदाराने फोनवर कॉपी सांगायची, डेस्कने ती लिहून घेऊन परत वाचून दाखवायची. नावं अक्षर अक्षर सुटी करून. त्या दिवसांत छापील अंक हीच शहरातली एकमेव तपासलेली गोष्ट असते, म्हणून त्या दिवशी पानं कमी झाली तरी चालतील, चूक चालणार नाही.

राहिलं मोजमाप. चार रकान्यांचा तक्ता करा: घटना घडली ती वेळ, बातमी गावात पोहोचली ती वेळ व मार्ग, छापील अंक हातात आला तो दिवस, आणि रस्त्यावर काय झालं ती वेळ. चौथा रकाना तिसऱ्याच्या आधी भरला गेला तर पेपराने पेटवलं हा दावा तिथेच संपतो. मग तार, रेल्वेचे प्रवासी, तोंडी निरोप यांच्याकडे वळा. साप्ताहिकावरची तारीख आणि ते गावात मिळाल्याचा दिवस एक नसतो, इथे बरेच जण घसरतात. दुसरी चूक पहिल्या पानाची. त्या काळच्या अनेक पत्रांत पहिल्या पानावर जाहिराती असत, त्यामुळे 'बातमी आतल्या पानावर दाबली' असं लिहून मोकळं होऊ नका. तिसरी चूक सरकारी गोषवाऱ्यांची. मुंबई सरकार देशी पत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी सारांश करून घेत असे. ते मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतात आणि मूळ अंक हरवलेला असतो तिथे फार उपयोगी पडतात. पण काय उतरवायचं हे सरकारचा भाषांतरकार ठरवत होता. त्याला धोकादायक वाटलेलंच त्यात आहे. बाजारभाव आणि गिरणीच्या पाळ्यांची बातमी त्यात नाही, आणि कदाचित कामगार पेपर त्याच्यासाठीच ऐकत होता.

शेवटी तोंडी आठवणी. तेलंगी पाच्छा पेठेत, साखर पेठेत जुन्या घरांतून जाल तेव्हा तेलुगू किंवा कन्नड बोलणारा सोबत न्या. आणि "तुमच्या आजोबांच्या घरी कोणता पेपर यायचा" असं विचारू नका, उत्तर 'कुठलाच नाही' येईल आणि गाडी थांबेल. "पेपर वाचून कोण दाखवायचं, आणि ते कुठे बसायचे" असं विचारा.